तांब्याची तार आणि २५ शब्द



आज एका खेळाविषयी लिहायचं आहे. पण सुरुवात माझ्या एका फजितीपासून करतो, म्हणजे हा खेळ वर्गात का आणला ते तुम्हाला लगेच कळेल.

काही वर्षांपूर्वीचा जुलै महिना. आमची शाळा बोईसरजवळ. सकाळपासून पाऊस असा कोसळत होता की समोरचं मैदान दिसेना. शाळा लवकर सोडायचं ठरलं आणि पालकांच्या ग्रुपवर सूचना टाकायचं काम माझ्याकडे आलं. मी पडलो मराठीचा शिक्षक! सूचना अगदी नटवून लिहिली. आधी सर्व सन्माननीय पालकांना वंदन, मग अतिवृष्टीचं वर्णन, मग विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेबाबत शाळा किती जागरूक आहे ते, मग सहकार्याची नम्र अपेक्षा. शाळा किती वाजता सुटणार, ते शेवटून दुसऱ्या ओळीत. नंतर मोजून पाहिलं. एकूण ११८ शब्द, आणि ‘साडेअकरा’ हा शब्द होता १०१ वा.

आमचे बरेच पालक तारापूर एमआयडीसीत पाळीवर असतात. मशीनजवळ उभ्या माणसाला मोबाईलवर पहिल्या दोन ओळी दिसतात. त्यांना ‘सन्माननीय’ दिसलं, वेळ दिसलीच नाही. दुपारी दीड वाजेपर्यंत सतरा मुलं गेटवरच्या पत्र्याखाली भिजत उभी होती. एक आई धावत आली, मुलाचं डोकं पदराने पुसलं आणि मला एवढंच म्हणाली, “सर, वेळ आधी लिहायची ना.”

मित्रांनो, तिने पाच शब्दांत माझ्या ११८ शब्दांचं परीक्षण केलं. तेव्हापासून मी कमी शब्दांत लिहायला शिकवण्याचा एखादा चांगला मार्ग शोधत होतो. तो मला पाठ्यपुस्तकात मिळाला नाही. नववीतल्या एका मुलाच्या दप्तरात मिळाला.

खेळ आहे तरी काय?

त्या मुलाच्या दप्तरात एक वीस पैलूंचा फासा होता. मुंबईच्या मावसभावाने दिलेला. खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो तयार केला आणि १९७४ मध्ये अमेरिकेत तो पहिल्यांदा प्रसिद्ध झाला. अशा खेळांना टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण तुम्ही लहानपणी भातुकली खेळला असाल तर तुम्हाला अर्धा खेळ येतोच. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार. “समोर गुहा आहे, काय करता?” असं मास्टर विचारतो, खेळाडू सांगतो आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. सगळं घडतं बोलण्यातून. म्हणजे हा मुळात भाषेचाच खेळ झाला.

या खेळात जादूगारांसाठी ‘सेंडिंग’ नावाचा एक मंत्र आहे. आपण त्याला ‘संदेशमंत्र’ म्हणू. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतले त्याचे नियम असे: ओळखीच्या कोणालाही, कितीही दूर असला तरी संदेश पाठवता येतो. तो ऐकणाऱ्याच्या थेट मनात उमटतो. पाठवणारा माहितीतला असेल तर कोण बोलतंय तेही त्याला कळतं. लगेच तसंच उत्तर देता येतं. समोरचा दुसऱ्या लोकात, म्हणजे आपल्या स्वर्ग-पाताळासारख्या ठिकाणी असेल, तर संदेश न पोचण्याची शक्यता ५ टक्के. वीस पैलूंच्या फाशावर एक आकडा म्हणजे बरोबर ५ टक्के, हे गणिताच्या सरांनी लक्षात घ्यावं!

आणि सगळ्यात महत्त्वाची अट: संदेश जास्तीत जास्त २५ शब्दांचा.

हा मंत्र म्हणताना जादूगाराच्या हातात काय लागतं, माहीत आहे? तांब्याच्या बारीक तारेचा तुकडा. हे वाचलं आणि मी खुर्चीतच हसलो. इंग्रजी खेळाडूला हा टेलिग्राफचा विनोद समजून घ्यावा लागतो. आपल्या भाषेत तो आधीच तयार आहे. आपण टेलिग्रामला ‘तार’च म्हणत होतो! ‘तार कर’, ‘तार आली’, ‘तार मिळताच निघून ये’. आपल्याकडची तार १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. आज वर्गात बसलेल्या मुलांनी ती पाहिलेली नाही. तारेत शब्दाला पैसे पडायचे, म्हणून आपले आजोबा काटकसरीने लिहायला शिकले. आता शब्द फुकट झाले, आणि मी ११८ लिहिले.

गंमत कुठे आहे?

हा मंत्र गंभीर कामासाठी आहे. राजाला धोक्याची सूचना द्यायची, हरवलेल्या मित्राचा पत्ता विचारायचा. पण जगभरचे खेळाडू त्याच्यावर सगळ्यात जास्त हसतात. ‘क्रिटिकल रोल’ नावाच्या कार्यक्रमात काही अभिनेते हा खेळ प्रेक्षकांसमोर खेळतात. त्यांच्या दुसऱ्या मालिकेत (२०१८ ते २०२१) लॉरा बेली या अभिनेत्रीचं जेस्टर नावाचं पात्र या मंत्रासाठी प्रसिद्ध झालं. ती महत्त्वाचं सांगायला म्हणून सुरू करते, मध्येच गप्पांत शिरते, सोबतचे खेळाडू शब्द मोजत बसतात आणि मुद्द्याचं वाक्य अर्ध्यावर तुटतं.

आता हेच आपल्याकडे कसं दिसेल बघा. शाळेत शिकवलेला पत्राचा मायना घेऊन एक गुणी मुलगा गुहेतून वडिलांना संदेश पाठवतो:

“तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार विनंती विशेष. इकडे सर्व क्षेमकुशल आहे. तिकडील आपली सर्वांची खुशाली कळावी. आईस नमस्कार, धाकट्यास आशीर्वाद. संदेशास कारण की, मला गुहेत राक्षसाने—”

संपले २५ शब्द. आता वडिलांचं उत्तर:

“आवाज स्वच्छ येतोय. राक्षसाने काय? बरं ते असू दे, येताना बोईसर स्टेशनबाहेरून दोन जुड्या मेथी आण. आणि छत्री विसरू नकोस. राक्षसाचं नंतर सविस्तर बोलू. आईला—”

हेही २५. मोजून घ्या!

वर्गात हे वाचलं तेव्हा मागच्या बाकापर्यंत हशा पोचला. हसू कशामुळे आलं, ते मात्र नीट पाहिलं पाहिजे. राक्षस विनोदी नव्हता. मंत्रही नव्हता. माणसाची सवय मोठी आणि जागा लहान, या ओढाताणीतून हसू आलं. वाक्य कुठे तुटलं यावरून, आपण शब्द कुठे उधळले ते मुलाला स्वतःलाच दिसलं. मी वहीत लाल शाईने ‘पाल्हाळ टाळा’ असं शंभर वेळा लिहूनही जे झालं नव्हतं, ते एका हशाने झालं.

दुसरी गंमत पक्ष्यांची. याच खेळात एखाद्या लहानशा प्राण्याकडून निरोप पाठवायचा मंत्र आहे. शब्द तेवढेच, २५. प्राण्याला ठिकाण सांगायचं आणि माणसाचं साधारण वर्णन. उडणारा प्राणी २४ तासांत सुमारे ८० किलोमीटर जातो, आणि साध्या मंत्राची मुदतही २४ तासच. तेवढ्यात पोचला नाही तर निरोप वाया, प्राणी परत. मुलांनी लगेच नकाशा काढला. बोईसरहून निघालेला कावळा अंधेरीच्या पुढे कुठेतरी जाईल, निरोप विसरेल आणि घरी येईल. चर्चगेटला मामा वाट पाहत बसलेला! “त्यापेक्षा लोकल बरी,” असं वर्गाने ठरवलं. एका मुलाने कावळ्याला वर्णन दिलं, “निळा शर्ट घातलेला माणूस, बोईसर स्टेशन.” पाळी सुटायच्या वेळी स्टेशनवर निळ्या शर्टाची किती माणसं असतात, हे तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशी ‘विशेषण’ हा पाठ मला वेगळा शिकवावा लागला नाही.

आपल्याकडे हे नवं आहे का?

मुळीच नाही. कावळा ओरडला की पाहुणे येणार, हे आपण आजीकडून ऐकलंय. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला यक्ष तर ढगाकडेच निरोप देतो. ज्या रामगिरीवरून तो बोलतो, तो नागपूरजवळचा रामटेक असं परंपरेने मानलं जातं. धूर, पाणी, वारा यांचा बनलेला ढग निरोप काय नेणार, ही शंका कवीने स्वतःच बोलून दाखवली आहे. आणि मूळ निरोप येण्याआधी यक्ष अर्धं काव्य रस्ताच सांगत बसतो. २५ शब्दांत त्याचं रामटेकही ओलांडून झालं नसतं!

पण माझं आवडतं उदाहरण चांगदेवांचं. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला ते बसले आणि मायन्यापाशीच अडले. ज्ञानाने ते मोठे, म्हणून ‘तीर्थरूप’ लिहावं? वयाने पोर, म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं? काही ठरेना. शेवटी कोरा कागदच पाठवला. चौदाशे वर्षं जगूनही हा कोराच राहिला, असा टोला मुक्ताबाईने हाणला, अशी कथा आहे. आणि ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या कागदाला ६५ ओव्यांचं उत्तर दिलं, तीच ‘चांगदेव पासष्टी’. वर्गातला तीर्थरूपवाला मुलगा हे ऐकून फार खूश झाला. मायन्यात अडकणारा तो काही पहिला नव्हता.

थोड्या शब्दांत नेहमी गंमतच असते असंही नाही. १७६१ मध्ये पानिपतची बातमी दक्षिणेत आली ती एका सावकारी पत्रातून, असं सांगतात. दोन मोती, सत्तावीस मोहरा गेल्या आणि खुर्द्याची तर मोजदादच नाही, अशा हिशेबाच्या भाषेत. तेवढ्यात सगळं आलं. हे सांगितलं तेव्हा वर्ग शांत होता. तोच कमी शब्दांचा नियम हसवतो आणि तोच गलबलून टाकतो, हे मुलांना न समजावता समजलं.

मराठीत २५ शब्द म्हणजे किती?

इथे भाषाशिक्षकांना खरी मेजवानी आहे. हा वाक्य पाहा: “तुझ्या घरामागच्या विहिरीजवळ थांबलेय.” शब्द फक्त चार. हेच इंग्रजीत सांगायला नऊ शब्द लागतात. शिवाय ‘थांबलेय’ म्हटल्याबरोबर बोलणारी मुलगी आहे हेही कळलं, ते इंग्रजीत कळत नाही. आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, म्हणून आपली मूठ लहान आणि धान्य जास्त.

पण एक मुलगा ‘घरा मागच्या विहिरी जवळ’ असं तोडून लिहितो. त्याचे दोन शब्द फुकट गेले! शब्दयोगी अव्यय जोडून लिहावं, हा नियम मी कित्येक वर्षं शिकवत होतो. मुलं म्हणायची, “तोडून लिहिलं तर काय बिघडतं, सर?” आता त्यांना कळतं काय बिघडतं. राक्षसाचं नाव सांगायला शब्द उरत नाही.

लबाडीही झालीच. एकाने ‘गुहेतअडकलोयलवकरया’ असा एकच शब्द लिहिला. वर्गाने त्याच्यावर खटला भरला. निकाल असा लागला: विग्रह सांगता आला तर सामासिक शब्द एक धरायचा, नाही आला तर जितके तुकडे तितके शब्द. पुढचे आठ दिवस मुलं चांगले समास शोधत होती. समासाचा धडा शिकताना एवढी स्वार्थी मुलं मी कधी पाहिली नव्हती.

ज्या मुलांना आपण गप्प समजतो

आता मला जे मनापासून सांगायचंय ते सांगतो. आपण निबंधाला लांबीवर गुण देतो. तोंडाने नाकारतो, पण पान भरलं की हात सैल होतोच. यात कोण मागे पडतं? आमच्या भागात मुलं घरी वारली बोलतात, मांगेली, वाडवळी, गुजराती, भोजपुरी, हिंदी बोलतात. पुस्तकी मराठीतली नटवी वाक्यं त्यांच्याकडे नसतात. म्हणून ती चार ओळींवर थांबतात आणि आपण शेरा मारतो, ‘विस्तार करा’.

पाड्यावरून येणारी एक मुलगी अशीच. निबंधाच्या तासाला खाली मान. खेळात ती झाली ड्रॅगनने पळवलेली राजकन्या. तिचा संदेश असा:

“राजा, ड्रॅगन झोपलाय, घोरतोय. दार उघडंच आहे. मी निघालेय. सैन्य पाठवू नकोस, निघालं असेल तर परत बोलव, जेवायला घाल. माझाही भात ठेव.”

२२ शब्द. परिस्थिती, निर्णय, सूचना, शिवाय विनोद. वर्ग टाळ्या वाजवत होता आणि मी माझे जुने शेरे आठवत होतो. विस्तार तिला जमत नव्हता, की नेमकेपणा मला ओळखता येत नव्हता?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. लांब लिहिता येणं हे एक कौशल्य आहे, पण थोडक्यात आणि पुरेसं लिहिता येणं हे त्याहून आधीचं कौशल्य आहे. आपल्या मुलांना ते रोज लागणार आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसू लागले. एमआयडीसीत आगी लागतात, वायुगळती होते. पावसात गाड्या बंद पडतात. अशा वेळी फोनवर लांबलचक फॉरवर्ड फिरत असतात, आणि कोणी सांगितलं, कुठे, केव्हा, आता काय करायचं, एवढंच त्यात नसतं. ज्या मुलाने राक्षसाच्या गुहेतून २५ शब्दांत पत्ता सांगितलाय, तो असा फॉरवर्ड वाचून निदान विचारेल तरी, “यात वेळ कुठे आहे?”

काही आक्षेप

“जादूटोण्याचा खेळ शाळेत?” असं एका पालकांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. २०१३ मध्ये आपल्या राज्याने जादूटोणाविरोधी कायदा केला, तो उगाच नाही. पण या खेळातली जादू माणसांनी लिहिलेल्या नियमांची आहे, आणि ते नियम बदलता येतात हे मुलांना माहीत असतं. जो मुलगा स्वतः मंत्राची शब्दमर्यादा ठरवतो, त्याला भोंदूबाबा सहजासहजी फसवू शकणार नाही, असं मला वाटतं.

“हसण्यात तास जातो,” हा दुसरा आक्षेप. जातो, मान्य. पण सारांशलेखनाचे तीन तास वाचतात.

तिसरा आक्षेप माझा स्वतःचाच. २०१४ च्या नियमांनुसार संदेशमंत्रात ऐकणाऱ्याला नकार देता येत नाही. आवाज थेट मनात. एकदा दोन मुलांनी मिळून तिसऱ्याला सतत चिडवणारे संदेश पाठवले. तो हसला नाही. मी खेळ थांबवला. तेव्हापासून फळ्यावर एक नियम कायम असतो: हसायचं ते संदेशाला, माणसाला नाही. मोबाईलच्या ग्रुपलाही हाच नियम लावला तर बरं होईल.

वर्गात कसं घ्याल?

फासा नसला तरी चालतं, वीस चिठ्ठ्या पुरतात. चार-चार जणांचे गट करा. प्रत्येक गटाला एक अडचण द्या: गुहा, वादळात सापडलेली होडी, चुकलेली लोकल. संदेश आधी तोंडी सांगायचा, मग लिहायचा. एक जण शब्द मोजेल आणि २५ झाले की डस्टर टेबलावर आपटेल. वाक्य तुटलं तर तुटलं! समोरच्याने तेवढ्याच शब्दांत लगेच उत्तर द्यायचं. पहिला संदेश घरच्या बोलीत चालेल. मंत्राच्या नियमाप्रमाणे ऐकणाऱ्याला अर्थ पोचतो, भाषेची अट नाही. मग गटाने मिळून तो प्रमाण मराठीत आणायचा. शेवटी वर्गाला विचारा: कोणता शब्द काढला तरी चाललं असतं? कोणता काढला असता तर माणूस बुडाला असता?

जाता जाता माझी जुनी सूचना पुन्हा लिहून दाखवतो:

“आज मुसळधार पावसामुळे शाळा साडेअकराला सुटेल. मुलांना गेटवरून घेऊन जावे. जमत नसेल तर मुलं शाळेतच, शिक्षकांसोबत थांबतील. काळजी नको.”

१९ शब्द. वेळ पाचव्या शब्दावर. सहा शब्द शिल्लक राहिले, ते त्या आईसाठी ठेवले आहेत: तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं, ताई.

स्वाध्याय: तुम्ही पालकांच्या ग्रुपवर टाकलेली शेवटची सूचना उघडा. शब्द मोजा. महत्त्वाचा शब्द कितवा आहे ते पाहा. मग तीच सूचना २५ शब्दांत लिहा, आणि उद्या वर्गात मुलांकडून तपासून घ्या.